हौसाबाई सायाळ आणि खाली आलेला ढग

एका जंगलात, मुलांनो, कुणाचेच केस विस्कटलेले नसायचे. याचं कारण हौसाबाई सायाळ.

सायाळ तुम्ही पाहिली नसेल. काही लोक तिला साळिंदर म्हणतात. तिच्या अंगावर लांब लांब काटे असतात आणि ते मधूनमधून गळतात. इतर सायाळी गळलेले काटे तिथंच टाकून पुढं जातात. हौसाबाईनं ते गोळा केले, लाकडाच्या पट्टीत ओळीनं बसवले आणि फण्या करून विकायला सुरुवात केली. जांभळाच्या झाडाखाली तिचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक सपाट दगड. अलीकडे हौसाबाई बसायची, पलीकडे गिऱ्हाईक.

फणी करायला घेण्याआधी ती गिऱ्हाइकाला बोलतं करायची. कुठं खाजतं, गुंता कुठं होतो, कोणत्या कुशीवर झोपता. ते सगळं तिच्या डोक्यात राहायचं. माकडांना बारीक दातांची फणी, कारण उवा. कोल्ह्याला सांगायचं, शेपूट ओली असताना विंचरू नको. सिंहमहाराजांच्या फणीला मधले दात नसावेत, कारण महाराजांना डोक्यावर मधोमध टक्कल आहे आणि ते आजूबाजूच्या केसांनी झाकायचं असतं. ही शेवटची गोष्ट हौसाबाई कुणाला बोलली नव्हती. मी तुम्हाला सांगितली, ती इथंच ठेवा.

तिचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे भिकोबा अस्वल. भिकोबाच्या डाव्या कानामागं केसांची एक गाठ होती. मध खाताना तिथं मध चिकटायचा. तो तिथपर्यंत कसा पोहोचायचा हे भिकोबालाही कधी कळलं नाही. दर आठवडी बाजाराला तो यायचा, दगडापलीकडे बसायचा आणि बोलत राहायचा. गाठ लवकर सुटायची. बोलणं संपायचं नाही.

पण गिऱ्हाइकं वाढली तसं हौसाबाईचं डोकं भरत चाललं. एकदा सशाचं माप आणि रानगव्याचं माप यांची अदलाबदल झाली. सशाला मिळालेली फणी एवढी मोठी होती, की त्यानं ती बिळाला फाटक म्हणून लावली. गव्याची फणी त्याच्या कपाळावरच्या केसांत कुठंतरी गेली, ती अजून सापडलेली नाही.

हौसाबाईला ते फार लागलं. "माझं डोकं गेलं रे भिकोबा," ती म्हणाली.

"जागेवरच आहे," भिकोबा म्हणाला. "मी बघतोय की."

नेमके अशा वेळी शुभ्रराव बगळे जंगलात आले. असे लोक नेमके अशाच वेळी येतात.

शुभ्ररावांनी तळ्याकाठी मेळावा भरवला. ते एका पायावर उभे राहून बोलले. दुसरा पाय पिसांत होता. आपला अर्धा भार आपण केव्हाच वर ठेवला आहे, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं.

"लघुउद्योग हा जंगलाच्या अर्थव्यवस्थेचा कणा आहे," ते म्हणाले.

साप खूश झाला. त्याच्याकडे कण्याशिवाय दुसरं काही नव्हतंच. गांडूळ मात्र उठून निघून गेलं.

"पण तुम्ही तुमचा धंदा ठेवता कुठं? डोक्यात. आणि डोकं केवढं? एवढंसं. त्या डोंगराकडे बघा."

सगळ्यांनी बघितलं. डोंगरावर एक ढग बरेच दिवस अडकून होता. पाऊस पाडत नव्हता की पुढं सरकत नव्हता. जंगलातले लोक त्याला आळशी म्हणायचे.

"तो आळशी नाही," शुभ्रराव म्हणाले. "त्याच्यात जागा आहे. तुमच्या डोक्यातलं मला सांगा. मी वर जाऊन ढगाला सांगतो. ढग विसरत नाही. लागेल तेव्हा मला सांगा, मी वरून आणून देतो. आणि ही सोय फक्त तुमच्यापुरती नाही बरं का. या ढगात डोकावणारे बगळे सात डोंगरांपलीकडेही आहेत. तिथलं गिऱ्हाईक तुमच्याकडे येईल."

"याला पडेल काय?" हौसाबाईनं विचारलं.

"सुरुवातीला काही नाही. सवय लागली की रोज एक मासा."

मग त्यांनी अटी वाचून दाखवल्या. वाचता वाचता ते उडाले, त्यामुळं मधलं कुणाला ऐकू आलं नाही. परत खाली उतरून ते म्हणाले, "मान्य आहे म्हणा."

"काय मान्य आहे?" भिकोबानं विचारलं.

"ते ढगात आहे."

सगळे म्हणाले, मान्य आहे.

आता प्रत्येकाला एक परवलीचा शब्द ठरवायचा होता. तो सांगितल्याशिवाय ढग काही देणार नाही. हौसाबाई म्हणाली, "जांभूळ." शुभ्ररावांनी मान हलवली. शब्द दुर्बल होता. त्यात एक फळ, एक जनावर आणि एक अर्थ नसलेला आवाज हवा. शेवटी हौसाबाईचा शब्द ठरला, 'जांभूळ-म्हैस-फुर्र'. हा शब्द गुप्त होता. ती तो रोज सकाळी दुकानातून मोठ्यानं ओरडायची, तेव्हा शुभ्रराव यायचे. पुढं पुढं साळुंक्यांच्या पिल्लांना तोच पाढा झाला.

भिकोबाचा धंदा मधाचा. तो म्हणाला, "माझा शब्द मध."

"दुर्बल आहे."

भिकोबानं बराच विचार केला. "मग दोन मध."

आणि मुलांनो, खोटं कशाला सांगू, फायदा झाला. खार शेंगदाणे कुठंकुठं पुरते ते दरवर्षी विसरायची. आता तिला सगळे सापडले आणि तिनं दुकान टाकलं. घुबडवैद्यांची औषधं कधी चुकेनाशी झाली. सात डोंगरांपलीकडून हौसाबाईकडे उंटाचं माप आलं. तिनं जन्मात उंट पाहिला नव्हता, तरी फणी बरोबर बसली. उंटानं उलट निरोप पाठवला, फणी छान आहे, कुठं पाणी मिळेल का. काम इतकं वाढलं, की हौसाबाईनं काटे घासायला दोन लांडोरी ठेवल्या. त्यांच्या पिल्लांना रोज पोटभर दाणा मिळू लागला.

हौसाबाईचं डोकं हलकं झालं. इतकं हलकं, की ती काम करताना गुणगुणायला लागली. मासा मात्र द्यावा लागायचा. सायाळ मुळं खाते, मासे कुठून आणणार. मग ती पाणमांजराला फणी द्यायची, पाणमांजर मासा द्यायचं. जंगलात आता सगळ्यात जास्त फण्या पाणमांजराकडे होत्या.

शुभ्रराव तिला 'उद्योजिका' म्हणायचे. इतके दिवस लोक तिला 'ए फणीवाली' म्हणत. जंगलात हरभरा पिकत नव्हता, तरी हौसाबाई हरभऱ्याच्या झाडावर चढली.

एक दिवस भिकोबा नेहमीसारखा येऊन बसला. "काय सांगू हौसा," तो म्हणाला, "नदीकाठचं ते मोठं पोळं होतं ना."

"भिकोबा, बोलू नको. वेळ जातो," हौसाबाई मान वर न करता म्हणाली. "तुझं सगळं वर आहे."

"माझी कानामागची गाठ कशी आहे ते तरी विचार."

"वरून विचारते."

तिनं आरोळी दिली. शुभ्रराव आले, डोंगरावर गेले आणि परत आले. "गाठ आहे," ते म्हणाले.

"हो का," भिकोबा म्हणाला. "मला वाटलंच."

त्यानं फणी घेतली आणि तो गेला. पुढच्या बाजाराला आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. हौसाबाईच्या ते लक्षात आलं, पण दुपारपर्यंतच राहिलं. दुपारी उंटांचा सबंध तांडा मापं पाठवून बसला.

इकडे सिंहमहाराजांनी सोहळा ठरवला. पलीकडच्या जंगलाची राणी येणार होती. आपले लघुउद्योग ढगामुळं कसे भरभराटले यावर महाराज भाषण करणार होते. भाषणाआधी हौसाबाईनं भर सभेत नवी फणी करून महाराजांची आयाळ विंचरायची होती. जुनी फणी महाराजांनी एकदा भुकेच्या भरात चावून टाकली होती.

"नीट व्हायला हवं," महाराज म्हणाले. "आम्ही रागावलो की आम्हाला भूक लागते, हे तुला माहीत आहे."

हौसाबाईला माहीत होतं. पण काळजी कसली? सकाळी वरून विचारलं की झालं.

सोहळ्याच्या सकाळी ती उठली आणि तिला स्वतःचे पाय दिसेनात. जांभळाचं झाड नव्हतं, दगड नव्हता, लांडोरी नव्हत्या. सगळीकडे पांढरं. तिनं 'जांभूळ-म्हैस-फुर्र' अशी आरोळी ठोकली. बऱ्याच वेळानं शुभ्रराव चालत आले आणि तिच्या काट्यांवर आदळले.

"घाबरू नका," ते म्हणाले. "ढग डाऊन आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे खाली आलाय."

"मग इथंच आहे ना तो? विचारा त्याला, महाराजांची फणी कशी असते."

शुभ्ररावांनी चोच वर करून विचारलं. ढग काही बोलला नाही. तो हौसाबाईच्या नाकात गेला आणि तिला शिंक आली. "मला वर जाऊन खाली विचारायची सवय आहे," शुभ्रराव ओशाळून म्हणाले. "आतून कसं विचारतात ते शिकवलेलं नाही."

हौसाबाईनं डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. महाराजांच्या फणीत काहीतरी वेगळं होतं. काय होतं? डोकं इतकं स्वच्छ होतं, की आत फक्त कालचं गाणं सापडलं.

जंगलभर हाच गोंधळ. खार झाडाझाडाला विचारत होती, माझे दाणे इथंच का. घुबडवैद्यांनी हत्तीला मुंगीचं औषध दिलं होतं आणि आता ते मुंगीला शोधत होते. चारी बाजूंनी परवलीचे शब्द ऐकू येत होते. चिंच-घोडा-धप्प. बोर-रेडा-टुंग. गुप्त म्हणून काही उरलं नव्हतं, पण ढग कुणालाच दाद देत नव्हता.

काटे आणि लाकडाची पट्टी घेऊन हौसाबाई सभेच्या माळाकडे निघाली. जायला तर हवंच होतं. न जाणाऱ्यांवरही महाराज रागावतात. वाटेत ती पाच-सहा जणांवर आदळली. प्रत्येकजण ओरडला, त्यावरून तिला जंगलात कोण कुठं आहे ते कळत गेलं.

माळावर सिंहासनाची मोठी शिळा तिच्या पंजाला लागली. वर कुणीतरी जड बसलं होतं आणि दमून श्वास घेत होतं.

"महाराज?"

"हं," वरून आवाज आला.

"महाराज, मी हौसाबाई. आज मला काहीच आठवत नाही. तुमचे केस कसे आहेत ते पहिल्यापासून सांगाल का?"

शिळेवरचं जड अंग जरा पुढं झुकलं. मग आवाज आला, "ऐकून घेणार?"

"दुसरं काय करू महाराज. दिसत तर काही नाही."

"डाव्या कानामागं गाठ आहे."

हौसाबाईनं चाचपून पाहिलं. "आहे खरी. चिकट आहे."

"मध आहे तो."

"महाराज मध खातात?"

"राजानं काय खावं याचा नियम आहे का?"

"नाही नाही," हौसाबाई घाईनं म्हणाली. तिनं पट्टीत काटे बसवायला घेतले. गाठीसाठी जाड, मानेसाठी बारीक. ती विचारत गेली, आवाज सांगत गेला. मान कुठं खाजते. झाडावर चढताना डावा गुडघा कसा दुखतो. नदीकाठचं मोठं पोळं उठून गेलं आणि इतक्या वर्षांच्या ओळखीच्या माश्या एका शब्दानं सांगून गेल्या नाहीत. महाराज झाडावर कशाला चढतात हे हौसाबाईला कळलं नाही, पण राजाला मधेच अडवायचं कसं. तिनं फणी गाठीत घातली आणि हळूहळू सोडवायला लागली. खूप दिवसांनी तिनं एवढं कुणाचं ऐकलं होतं. भीती जाऊन तिला बरंच वाटायला लागलं.

"हे सगळं महाराज कुणाशी बोलत नाहीत?"

"पूर्वी बोलायचो. एक होती, फण्या करायची. आता तिचं सगळं वर असतं."

हौसाबाईचा पंजा थांबला. मुलांनो, तुम्ही केव्हाच ओळखलं असेल. हौसाबाईनं ओळखलं नव्हतं. तिला वाटलं, महाराज आपल्यावर नाराज आहेत. तरी ती शिळेच्या आणखी जवळ सरकली.

"चुकलं तिचं," ती म्हणाली. "तिला तसं सांगायला हवं होतं."

"सांगतोय की," आवाज म्हणाला.

इतक्यात वारा सुटला. माळावरचा ढग कडेकडेनं उचलला गेला आणि बघता बघता सगळं लख्ख दिसू लागलं.

सिंहासनावर भिकोबा अस्वल बसला होता. वाट चुकल्यावर टेकायला सापडलेली पहिली शिळा त्यानं धरली होती. त्याचे केस असे विंचरले होते, की जंगलात तसे कुणाचे कधी विंचरले गेले नव्हते. शिळेच्या पायथ्याशी पलीकडच्या जंगलाची राणी, एक वयस्क सिंहीण, गालाला पंजा लावून बसली होती. ती केव्हाची तिथं होती आणि सगळं ऐकत होती.

आणि सिंहमहाराज? ते तळ्यात गुडघाभर पाण्यात उभे होते. "आज आपलं संपूर्ण जंगल ढगात आलं आहे," असं त्यांचं भाषण चाललं होतं, आणि बेडूक प्रत्येक वाक्याला दाद देत होते. टकलावर कमळाचं एक पान बसलं होतं. अगदी मापाचं.

महाराजांनी वर पाहिलं. सिंहासनावर अस्वल पाहिलं. मग ते पाण्यातून निघून माळावर आले. चालताना पान पडलं आणि सगळ्या जंगलानं टक्कल पाहिलं.

आत्ता हौसाबाईला आठवलं, फणीत काय वेगळं होतं.

"हे काय आहे?" महाराज हळू आवाजात म्हणाले. हळू आवाज ही भुकेची खूण होती. हौसाबाईच्या अंगावरचे सगळे काटे उभे राहिले. भिकोबा शिळेवरून उतरला. तो तिच्या आणि महाराजांच्या मध्ये येऊन उभा राहिला.

"हे कोण?" राणीनं महाराजांकडे पंजा करून विचारलं.

"मी राजा आहे," महाराज म्हणाले.

"मग सिंहासनावर कोण होतं? आम्ही तर समजलो राजा तोच. एका कारागीर बाईशी इतकं मनमोकळं बोलणारा राजा आम्ही पहिल्यांदा ऐकला. आम्ही घरी जाऊन सगळ्यांना सांगणार होतो."

महाराज विचारात पडले. राजा विचार करतो तेव्हा प्रजेनं हलू नये. कुणी हललं नाही. भिकोबाकडे एकदा आणि तळ्याकडे एकदा बघून महाराज म्हणाले, "तो आमचा कान आहे. कामं वाटून घेतली आहेत आम्ही. ऐकायचं तो बघतो, बोलायचं मी."

"उत्तम," राणी म्हणाली. "आमच्याकडे सगळी बोलायचीच खाती आहेत."

महाराजांची भूक गेली. कौतुकानं पोट भरतं, हे त्यांच्या घराण्यातच आहे.

मग सगळ्यांनी डोंगराकडे पाहिलं. ढग नव्हता. वाऱ्यानं तो सात डोंगरांपलीकडे नेला होता, आणि त्याच्यासोबत खारीचे दाणे, वैद्यांची औषधं आणि हौसाबाईची सगळी मापं. पुढं कळलं, की तिकडे राणीच्या जंगलात एका सायाळीनं फण्यांचा कारखाना काढला आहे. तिनं राणीला एक खास शाही फणी भेट दिली, मधले दात नसलेली. राणीला आयाळच नाही. ती त्या फणीनं पाठ खाजवते.

शुभ्ररावांनी अहवाल दिला. ढगामुळं लघुउद्योगांची भरभराट झाली आणि अर्थव्यवस्था सुधारली. कुठल्या जंगलाची, ते अहवालात नव्हतं.

इकडे सगळ्यांना पहिल्यापासून विचारावं लागलं. घुबडवैद्यांनी हत्तीला, तुला होतं काय, असं प्रथमच विचारलं. हत्ती रडलाच. बाजार आता संध्याकाळपर्यंत चालायचा, कारण कुणाचंच सांगून संपायचं नाही. शुभ्ररावांनी अहवालाला पुरवणी जोडली. ढगामुळं समाज जवळ आला.

काही दिवसांनी त्यांनी नवा ढग आणला. हौसाबाईनं मापं पुन्हा वर ठेवली. व्यवहार कळणारी बाई होती ती. शिवाय लांडोरींची पिल्लं होती, आणि उंटांना नाही कसं म्हणणार. एक भिकोबाचं माप तेवढं वर ठेवायचं राहून गेलं. दर बाजाराला ते राहूनच जातं. मग भिकोबा येऊन बसतो आणि तिला विचारावं लागतं, गाठ कुठं आहे.

एकदा तिनं विचारलं, "त्या दिवशी मी नाव सांगायच्या आधीच तू मला ओळखलं होतंस?"

"आवाजावरून. लगेच."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो की," भिकोबा म्हणाला. "किती दिवसांनी."

तात्पर्य : जुन्या मित्रानं आपलं ऐकून घ्यावं असं वाटत असेल, तर आधी सिंहासनावर बसावं. मित्राला आपण दिसत नसलो, तर फारच उत्तम.